राधानगरी नव्हे, राधानगर : कोल्हापूरहून अंदमानच्या पांढऱ्या वाळूवर

नाव ऐकताच कोल्हापूरकराला धरणाचे स्वयंचलित दरवाजे आणि दाजीपूरचे गवे आठवतात. हे राधानगर मात्र बंगालच्या उपसागरात आहे, अंदमानातल्या स्वराज द्वीप या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर. बेटाचे जुने नाव हॅवलॉक. ते २०१८ साली बदलले, तरी जेटीवरचे रिक्षावाले अजून हॅवलॉकच म्हणतात आणि या किनाऱ्याला ‘सात नंबर’. सुमारे दोन किलोमीटर लांब, पिठासारखी वाळू, मागे उंच झाडांचे जंगल. २००४ साली ‘टाइम’ मासिकाने याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले आणि २०२० साली स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले, तेव्हापासून गर्दी वाढली आहे.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. या सहलीत विमान सोपे आहे. अडवतात ती बोट, भरती-ओहोटी आणि लवकर मावळणारा सूर्य. म्हणून आराखडा शेवटाकडून मांडायचा: आधी महिना, मग परतीचा दिवस, मग बोटी, आणि कोल्हापूर सोडण्याची तारीख सगळ्यात शेवटी.

महिना कोणता

जानेवारी अखेरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत समुद्र शांत आणि पाणी नितळ असते. शेतकरी कुटुंबांना गळीत हंगाम आवरल्यावरचा मार्च सोयीचा पडतो, आणि योगायोगाने तोच सगळ्यात चांगलाही आहे. दिवाळीची सुट्टी मोहक वाटते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात. तेव्हा बोटी रद्द होतात. मे महिन्याची सुट्टी असेल तर पहिल्या पंधरवड्यातच परत या. नैऋत्य मोसमी वारे अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोहोचतात. कोल्हापुरात वळीव कोसळत असतो तेव्हा तिथे खरा पावसाळा लागलेला असतो. जून ते सप्टेंबर नवख्याने जाऊच नये. हॉटेले स्वस्त मिळतात खरी, पण राधानगर पश्चिमेला उघडा असल्याने लाटा थेट अंगावर येतात आणि पाण्यात उतरू देत नाहीत.

लक्षद्वीपची वाळूही अशीच पांढरी आहे, पण तिथे प्रवेश परवाना लागतो आणि राहण्याच्या सोयी मोजक्या आहेत. पहिल्या खेपेला अंदमान सोपे. भारतीय नागरिकांना स्वराज द्वीपसाठी परवाना लागत नाही, फक्त प्रत्येकाचे मूळ फोटो ओळखपत्र हवे. मुलांचे आधार कार्डही घ्या, कारण बोटीवर चढताना तपासतात आणि मोबाइलमधला फोटो दर वेळी चालतोच असे नाही.

कोल्हापूर ते पोर्ट ब्लेअर

पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. तिकीट शोधताना दोन्ही नावे टाकून पाहा. विमानतळाचे नाव वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, सांकेतिक अक्षरे आयएक्सझेड.

थेट विमाने चेन्नई, बेंगळुरू, कोलकाता, हैदराबाद, दिल्ली अशा मोठ्या शहरांतून आहेत. आपल्याला सोयीचे मार्ग तीन.

रस्त्याने बेंगळुरू. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून सुमारे ६०० किलोमीटर, रात्रभराचा बसप्रवास. बस तुमकूरच्या बाजूने शहरात शिरते आणि विमानतळ आहे उत्तरेला देवनहळ्ळीजवळ. मॅजेस्टिक या मुख्य बसस्थानकापर्यंत जाऊन परत फिरण्यापेक्षा यशवंतपूरच्या आसपास उतरा आणि तिथून टॅक्सी किंवा विमानतळाची ‘वायू वज्र’ बस पकडा. बस वेळेवर पोहोचेल या भरवशावर त्याच सकाळचे विमान घेऊ नका. हुबळीजवळ एखादा ट्रक आडवा झाला तरी चार तास जातात.

रेल्वेने चेन्नई. कोल्हापूरहून सुटणारी हरिप्रिया एक्स्प्रेस एका रात्रीनंतर तिरुपतीला पोहोचवते. तिथून चेन्नई सुमारे १४० किलोमीटर, बसने तीन-चार तास. बालाजीचे दर्शन ज्यांना करायचेच असते त्यांना हा मार्ग दुप्पट फायद्याचा. दर्शनासाठी मात्र पूर्ण एक दिवस वेगळा धरा.

उजळाईवाडीहून विमानाने हैदराबाद किंवा बेंगळुरू आणि पुढे दुसरे विमान. हा मार्ग वेळ वाचवतो, पण इथे एक खाचखळगा आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे असतील, तर पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकल्याची भरपाई कोणी देत नाही. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर मिळत नसतील तर मध्ये एक रात्र मुक्काम ठेवा. कोल्हापूरच्या विमानांचे वेळापत्रक हंगामानुसार बदलते, तेव्हा आदल्या वर्षीच्या वेळा गृहीत धरू नका.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजेही जातात. समुद्रात साधारण तीन दिवस लागतात आणि सुटण्याच्या तारखा आधी निश्चित नसतात. किनारा पाहायला जाणाऱ्याने हा नाद करू नये.

उलटी मांडणी

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच झोपायचे, हा या सहलीचा पहिला नियम. सकाळच्या बोटीने येऊन दुपारचे विमान पकडू, हा हिशेब कागदावर जमतो. समुद्र खवळला की बंदर खाते बोटी थांबवते, आणि मग पर्यायी रस्ता नावाची गोष्टच नसते. बोटीचे पैसे परत मिळतात, विमानाचे जातात.

हा नियम धरून घर सोडण्यापासून घरी येण्यापर्यंत आठ-नऊ दिवस लागतात. मधल्या दिवसांची विभागणी अशी ठेवा:

१. पोर्ट ब्लेअरला पोहोचण्याचा दिवस. सेल्युलर जेल याच दुपारी. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. मराठी माणूस ही भेट चुकवत नाही आणि घाईत उरकूही नये.
२. सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप. दुपारी राधानगर.
३. सकाळी एलिफंट बीच, दुपारी पुन्हा राधानगर.
४. राखीव दिवस. हवा चांगली असेल तर स्कूबा (पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणे) किंवा निवांतपणा, वाईट असेल तर हुकलेली गोष्ट.
५. शहीद द्वीप, म्हणजे जुने नील बेट. एक रात्र.
६. दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअर, मुक्काम.
७. परतीचे विमान.

दिवस कमी असतील तर नील वगळा, राखीव दिवस वगळू नका. सहल-कंपन्या नेमके उलटे करतात, कारण पत्रकावर ‘तीन बेटे’ छापलेले चांगले दिसते.

बोट

पोर्ट ब्लेअर ते स्वराज द्वीप समुद्रमार्गे साठ किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. खासगी वेगवान बोटी दीड ते अडीच तास घेतात. सरकारी बोट संथ आणि बरीच स्वस्त, पण तिची तिकिटे पर्यटकांच्या हंगामात हाताला लागत नाहीत. खासगी बोटीचे तिकीट विमानाचे पक्के झाले की त्याच दिवशी काढा. मार्चमध्येही शनिवार-रविवारच्या सकाळच्या फेऱ्या भरून जातात. खासगी आणि सरकारी बोटी वेगवेगळ्या धक्क्यांवरून सुटतात, तिकिटावर हॅडो लिहिले आहे की फिनिक्स बे ते नीट वाचा. सुटण्याच्या एक तास आधी पोहोचा, कारण सामानाची तपासणी विमानतळासारखीच होते.

बंद काचेच्या वातानुकूलित बोटीत घाटातल्या एसटीपेक्षा जास्त मळमळते, कारण डोळ्यांना सगळे स्थिर दिसते आणि शरीर हलत असते. खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा मागची जागा मागा. पुढच्या टोकाला हेलकावा सगळ्यात मोठा असतो. सकाळी मिसळ-पाव किंवा तेलकट पुरी नको, सुकी पोळी किंवा बिस्किटे पुरे. पोट पूर्ण रिकामे ठेवले तरी त्रास होतो. अव्होमिनसारखी गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याच्या एक ते दोन तास आधी घ्या. मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीतून बाहेर पडते. गोळीने झोप येते, म्हणून उतरल्यावर लगेच दुचाकी चालवू नका.

घड्याळ सव्वा तासाने फसवते

कोल्हापूर साधारण ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, स्वराज द्वीप ९३ वर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर सूर्य तिथे सव्वा तास पुढे चालतो, पण घड्याळ मात्र आपलेच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मे महिन्यात पहाटे पाचच्या आधी उजाडते आणि साडेपाचनंतर लवकरच सूर्यास्त होतो.

याचे परिणाम दोन. जेवण, विश्रांती आणि मग चारला निघू, असे कोल्हापूरच्या सवयीने ठरवले तर राधानगरला पोहोचेपर्यंत दिवस संपलेला असतो. आणि दुसरे, डोक्यावरचे ऊन तिथे सव्वाअकराच्या आसपास असते. घड्याळी १० ते १ ही सगळ्यात वाईट वेळ. ‘बारानंतर सावलीत जाऊ’ म्हणणारा तोवर भाजून निघालेला असतो.

सामान, आणि काय घरी ठेवायचे

कोल्हापुरी चप्पल घरी ठेवा. वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेले ते कातडे खारे पाणी प्यायले की आक्रसते, वाळल्यावर कडक होऊन भेगाळते. रबरी किंवा फोमच्या, मागून पट्टा असलेल्या सँडल घ्या. प्रवाळ आणि शिंपल्यांच्या कपच्यांवर साध्या स्लीपर पाण्यात निसटतात.

जीन्स आणि सुती पंजाबी ड्रेस पाणी धरून दुप्पट जड होतात. पाण्यात उतरायला नायलॉन किंवा पोहण्याच्या कापडाचा लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची पँट सगळ्यात चांगली, बायकांना आणि पुरुषांनाही. ओढणी बाहेर. मंगळसूत्र आणि अंगठ्या हॉटेलात: थंड पाण्यात बोटे आक्रसतात आणि अंगठी कधी गेली ते कळत नाही.

सनस्क्रीन लोक फार कमी नेतात. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला एकदा नीट लावायला साधारण ३० मिलिलिटर लागते, म्हणजे ५० ची ट्यूब दोन वेळाही पुरत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घातले तर चेहरा, मान, हात आणि पावले एवढेच उरते आणि बरेच कमी लागते. एसपीएफ ३० किंवा ५०, शक्यतो झिंक ऑक्साइडचे, कारण काही रासायनिक घटक प्रवाळाला घातक ठरतात. पाण्यात जाण्याच्या २० मिनिटे आधी लावा, दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी अंग पुसल्यावर पुन्हा.

बाकी यादी छोटी: ओआरएसची पाकिटे (एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धे-अर्धे करू नका), डास-चिलटांचे मलम, जंतुनाशक, चिमटा, गरज असेल त्यांची नेहमीची औषधे दोन दिवस जादा, स्टीलची पाण्याची बाटली आणि झिप लागणाऱ्या चार जाड पिशव्या. रोख रक्कम जरा सढळ ठेवा. २०२० साली चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारले आहे, पण बेटावर ते ऐन पैसे देताना बंद पडू शकते आणि एटीएम मोजकीच आहेत. जयसिंगपूरचे भडंग नक्की न्या. दमट हवेत ते एका दिवसात सादळते, तेव्हा एकच मोठी पिशवी नेण्यापेक्षा छोट्या पुड्या बांधा.

तिखटाची सवय असलेल्यांसाठी एक सूचना. बेटावरची बरीच वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची आहे, जेवणात मासा, भात आणि मोहरीचा वास. शाकाहारी थाळी मिळते. सोबत कांदा-लसूण चटणीची बाटली असली की कोणाचेच काही अडत नाही. हिंदी सगळीकडे चालते.

वाळू पांढरी का, आणि त्याने काय बिघडते

कोकणातली वाळू सह्याद्रीच्या बेसाल्टची आणि जांभ्याची झीज सोबत घेऊन येते, म्हणून ती करडी-तपकिरी. राधानगरची वाळू मुख्यतः सजीवांची आहे: प्रवाळाचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, सूक्ष्मजीवांची कवचे. पोपटमासा प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खातो, त्याबरोबर आलेला चुना दळतो आणि वाळू म्हणून बाहेर टाकतो. दाण्यावर लिंबू पिळले तर फसफसते, इतका तो चुना असतो.

फिकट रंगामुळे ही वाळू दुपारीही काळ्या वाळूइतकी तापत नाही, अनवाणी चालता येते. पण तोच प्रकाश ती वर परतवते. टोपी घालूनही हनुवटीखाली, नाकपुड्यांजवळ आणि कानांच्या मागे भाजते ते यामुळेच. तिथे सनस्क्रीन लावायला सगळे विसरतात. बारीक दाणे मोबाइलच्या चार्जिंगच्या छिद्रात आणि कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये शिरतात, म्हणून उपकरणे पिशवीत बंद ठेवा आणि ओल्या हाताने बाहेर काढू नका.

राधानगरवरची दुपार

१. जेटीपासून किनारा सुमारे १२ किलोमीटर. रिक्षा ठरवताना जाणे-येणे दोन्हींचे ठरवा, परतीची वेळ सांगा आणि भाडे शेवटी द्या. संध्याकाळी तिथे रिकामी रिक्षा मिळत नाही. सरकारी बस आहे, पण शेवटची किती वाजता ते कंडक्टरकडूनच विचारून घ्या. दुचाकी भाड्याने घेत असाल तर मूळ परवाना आणि हेल्मेट हवे, आणि घेण्याआधी गाडीवरच्या ओरखड्यांचे मोबाइलवर फोटो काढा.

२. दोन-अडीचला पोहोचा. कपडे बदलायच्या खोल्या, शॉवर आणि स्वच्छतागृहे प्रवेशाजवळच आहेत. पाण्यात जायच्या आधी ती वापरा, नंतर रांग लागते.

३. सामान झाडांच्या रेषेला ठेवा, ओल्या वाळूच्या काठावर नको. भरती चढत असेल तर अर्ध्या तासात पाणी तिथवर येते. नारळाखाली मात्र कधीच बसू नका.

४. जीवरक्षक कुठे उभे आहेत ते आधी पाहा आणि त्यांच्या समोरच्या पट्ट्यातच उतरा. लाल निशाण म्हणजे पाण्यात जायचे नाही, गुडघ्यापर्यंतही नाही.

५. सूर्यास्ताच्या आधी पाण्याबाहेर या. अंधार पडायच्या आत सुरक्षारक्षक किनारा रिकामा करतात.

पंचगंगेत पोहणारा समुद्रात का घाबरतो

नदीत आणि विहिरीत तरबेज असलेले लोकच समुद्रात जास्त अडचणीत येतात, कारण त्यांची सवय उलटी असते. नदीत शांत दिसणारी जागा सुरक्षित मानायची सवय असते. समुद्रात दोन फेसाळ लाटांच्या मधला जो सपाट, गडद पट्टा दिसतो, तिथूनच किनाऱ्यावर आलेले पाणी आत परतत असते. त्याची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही काही सेकंदांत खोल नेते.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. त्यात दम जातो आणि माणूस दमल्यामुळे बुडतो. उताणे तरंगा, एक हात वर करून हलवा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. ओढीचा पट्टा सहसा दहा ते तीस मीटर रुंद असतो, त्यातून बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात. दुसरा माणूस सापडला असेल तर त्याच्यामागे उडी मारण्याऐवजी तरंगणारी वस्तू फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा.

लहान मुले हाताच्या अंतरावर, आणि तेही पाठमोरी नको. लाटेकडे पाठ करून फोटोसाठी उभे राहिलेल्या मुलाला लाट मागून उचलते.

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० साली याच किनाऱ्याजवळ एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिवरांच्या खाड्या, ओढ्यांची तोंडे आणि पाटी लावलेल्या जागा टाळा, अंधुक उजेडात पाण्यात राहू नका. गर्दीच्या, राखलेल्या पट्ट्यात धोका फार कमी आहे, निर्जन कोपरा शोधत चालत जाणाऱ्यांना तो जास्त.

एलिफंट बीच आणि मास्क

मास्क आणि श्वासाची नळी लावून (स्नॉर्केलिंग) मासे आणि प्रवाळ पाहायला राधानगर नव्हे, एलिफंट बीच. जेटीवरून बोटीने वीस-तीस मिनिटे. जंगलातून दोन किलोमीटरची पायवाटही आहे, चिखल आणि तिवरांच्या मुळांतून जाणारी. शेवटचा टप्पा ओहोटीलाच बरा. सकाळची पहिली बोट घ्या, दहानंतर पाण्यात मासे कमी आणि माणसे जास्त होतात.

मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात काढल्यावरही मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कड वाकून वाढते. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी हमखास शिरते, कारण केसांमधून कडेला वाट मिळते. पिळदार मिशी पूर्ण उतरवायची गरज नाही, नाकाखालची एक बारीक रेघ कातरली तरी कड त्वचेला टेकते. काचेवर धुके येऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून खळाळून घ्या. किळस वाटत असेल तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब. चश्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आदल्या दिवशी विचारा, चश्म्यावर मास्क बसत नाही.

श्वास फक्त तोंडाने, संथ. नळीत पाणी आले तर जोराने ‘थू’ करून फुंका. तरंगण्याचे जॅकेट काढू नका आणि प्रवाळावर उभे राहू नका: त्याचे वाढणे वर्षाला काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर असते, तुमचा एक पाय दहा वर्षांचे काम मोडतो आणि पायही फाटतो.

स्कूबाचा पहिला अनुभव प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत असतो, वय किमान १० वर्षे. दमा, हृदयविकार, कानाचा जुना त्रास किंवा गर्भारपण असेल तर करू नका आणि अर्जात लपवूही नका. सर्दी असेल तरी नाही, कानावरचा दाब मोकळा होत नाही. स्कूबानंतर १८ तास विमान नको. म्हणून वरच्या आराखड्यात तो चौथ्या दिवशी आहे. खर्च मोठा आहे, तेव्हा पाण्याखाली श्वास घ्यायला जमते का हे आधी तारकर्ली-मालवणला एक दिवस जाऊन पाहणे शहाणपणाचे. कोल्हापूरहून ते सकाळी निघून जाण्याइतके जवळ आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब

कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा ठोकताळा अंदमानात लावू नका. भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या वेळी पोहोचते आणि त्याचे गणित कोकणापुरतेच आहे. बाकी नियम तेच: भरती ते ओहोटी सहा तास आणि थोडी मिनिटे, रोज सुमारे ५० मिनिटांनी उशीर, पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. एका दिवसाची वेळ हॉटेलात विचारली की पुढच्या दिवसांची स्वतः काढता येते.

याचा उपयोग राधानगरला कमी, कारण तिथे तळ वाळूचा आहे. स्वराज द्वीपवरच्याच विजयनगरच्या पाच नंबर किनाऱ्यावर आणि नीलवर मात्र सगळे यावरच. पाच नंबरला ओहोटीत पाणी दूर जाते आणि दगड उघडे पडतात, पोहता येत नाही. नीलच्या लक्ष्मणपूर-दोनवरची नैसर्गिक दगडी कमान ओहोटीतच गाठता येते, उधाणाच्या दिवसांत पाणी खूप खाली जाते आणि खडकांच्या डबक्यांतले जीव छान दिसतात. भरतीला पोहोचलात तर रिक्षाचे भाडे वाया. नीलच्या भरतपूरला पाणी उथळ, मुलांसाठी बरे. स्वराज द्वीपवरचा काळापत्थर फक्त सूर्योदयाला जाण्याचा, आंघोळीचा नव्हे.

चावे आणि ओरखडे

सूर्य कलला की वाळूतली चिलटे चावतात. तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी लाल गाठी उठतात आणि आठवडाभर खाजतात. ओल्या वाळूवर थेट लोळू नका, चटई किंवा लुंगी घाला, पायांना मलम लावा. खाजवून फोडल्या की दमट हवेत पिकतात.

प्रवाळाने कापले तर जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवा, आत राहिलेला कण चिमट्याने काढा, मग जंतुनाशक. नुसते मलम वरून लावले तर आतला कण चिघळतो. समुद्री साळूचा काटा किंवा माशाचा दंश झाला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवून ठेवल्याने कळ कमी होते. जेलीफिशने भाजल्यास समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने चोळू नका. श्वास जड झाला, चक्कर आली किंवा ओठ सुजले तर थेट बेटावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. गंभीर रुग्णाला पोर्ट ब्लेअरच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात हलवावे लागते, आणि तो प्रवासही समुद्रावरूनच असतो.

परतीची पिशवी

निघण्याच्या आदल्या रात्री मुलांचे खिसे, सँडल आणि खेळण्यांच्या बादल्या उलट्या करा. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. विमानतळावर क्ष-किरण यंत्रात तो स्पष्ट दिसतो, पिशवी उघडायला लावतात, वस्तू जप्त होते आणि प्रकरण तेवढ्यावरच थांबेल याची खात्री नसते. शंख-शिंपल्यांची भेटवस्तू हवीच असेल तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

पोहण्याचे कपडे ओलेच बॅगेत कोंबू नका. गोड्या पाण्यात दोनदा बुडवून मीठ काढा, पंख्याखाली रात्रभर वाळवा. झिपा टूथब्रशने घासून घ्या, नाहीतर मीठ आणि चुन्याची वाळू मिळून त्या घरी पोहोचेपर्यंत घट्ट बसतात आणि बॅग उघडताना झिपची ओढायची कडी तुटून हातात येते.